ओझोन संरक्षण : करार कागदावर, कसोटी कार्यशाळेत

दरवर्षी १६ सप्टेंबर हा दिवस जगभर ओझोन संरक्षण दिन म्हणून पाळला जातो. १९८७ साली याच दिवशी कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात ओझोनच्या थराचा नाश करणाऱ्या रसायनांवर नियंत्रण आणणारा करार झाला. पर्यावरणविषयक आंतरराष्ट्रीय करारांपैकी सर्वाधिक यशस्वी करार म्हणून त्याचा गौरव होतो आणि तो रास्तच आहे. नियंत्रणाखाली आणलेल्या ओझोननाशक रसायनांपैकी सुमारे ९९ टक्के रसायने आज वापरातून बाद झाली आहेत.

असे असूनही मे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने शास्त्रज्ञांना आणि राजनैतिक अधिकाऱ्यांनाही धक्का दिला. २०१० पासून ज्याचे उत्पादन जगभर थांबले असल्याचे सर्व देशांनी कळविले होते, त्या सीएफसी-११ या रसायनाचे हवेतील उत्सर्जन २०१२ नंतर सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे त्यात दिसून आले. कागदोपत्री उत्पादन शून्य होते. हवेत मात्र रसायन नव्याने येत होते. आंतरराष्ट्रीय करारावर सही करणे आणि तो प्रत्यक्षात पाळला जाणे यांत किती अंतर असू शकते, हे या एका आकड्याने दाखवून दिले. हे अंतर कसे निर्माण होते आणि ते कमी करण्यासाठी काय करावे लागले, हा ओझोन कराराच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग आहे.

कराराची पार्श्वभूमी

जमिनीपासून साधारणतः १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर असलेला ओझोनचा थर सूर्याकडून येणारे घातक अतिनील किरण शोषून घेतो. हा थर विरळ झाल्यास त्वचेचा कर्करोग, मोतीबिंदू यांसारख्या विकारांत वाढ होते, पिकांवर आणि सागरी जीवसृष्टीवरही परिणाम होतो. क्लोरोफ्लुरोकार्बन अर्थात सीएफसी ही रसायने या थराचा नाश करू शकतात, असा इशारा मारियो मोलिना आणि शेरवूड रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दिला. ही रसायने ज्वलनशील नव्हती, विषारी नव्हती आणि स्वस्त होती. फ्रिज, वातानुकूलन यंत्रे, फवाऱ्याचे डबे, फोम, इलेक्ट्रॉनिक भागांची सफाई अशा असंख्य ठिकाणी ती वापरली जात. त्यामुळे रासायनिक उद्योगांनी या इशाऱ्यास दीर्घकाळ विरोध केला.

मार्च १९८५ मध्ये व्हिएन्ना येथे ओझोन संरक्षणाचा मूळ करार झाला. पण त्यात कोणत्याही रसायनाच्या कपातीचे बंधन नव्हते. त्यानंतर दोनच महिन्यांनी जोसेफ फारमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरील ओझोनचा थर वसंत ऋतूत कमालीचा विरळ होत असल्याचे जाहीर केले. ‘ओझोनचे छिद्र’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून रूढ झाला. पुढील दोन वर्षांत वाटाघाटींना वेग आला आणि मॉन्ट्रियल करार आकारास आला. १ जानेवारी १९८९ पासून तो अमलात आला. २००९ मध्ये जगातील सर्व देशांनी मान्यता दिलेला संयुक्त राष्ट्रांचा तो पहिला करार ठरला. कराराचे आज १९८ सदस्य आहेत.

पैसा कोणी द्यायचा?

अंमलबजावणीतील पहिला पेच अर्थकारणाचा होता. ओझोनचा थर विरळ करणारी बहुतांश रसायने श्रीमंत देशांनी वापरली होती. भारत, चीन यांसारख्या देशांत फ्रिजसुद्धा तेव्हा मोजक्या घरांत होता. विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत देण्याची तरतूद मूळ करारात होती. ज्या विकसनशील देशांचा दरडोई वार्षिक वापर ३०० ग्रॅमपेक्षा कमी होता, त्यांनाच ती लागू होती. मात्र नवे तंत्रज्ञान विकत घेण्यासाठी लागणारा पैसा कोठून येणार, याचे उत्तर करारात नव्हते. त्यामुळे भारत आणि चीन हे दोन्ही मोठे देश आरंभी करारापासून दूर राहिले.

जून १९९० मध्ये लंडन येथे झालेल्या बैठकीत या प्रश्नावर खडाजंगी झाली. तत्कालीन पर्यावरणमंत्री मेनका गांधी यांनी भारताची बाजू ठामपणे मांडली. प्रदूषण ज्यांनी केले त्यांनी बदलाचा खर्च उचलावा आणि तंत्रज्ञानही द्यावे, अशी ही भूमिका होती. या बैठकीत बहुपक्षीय निधी स्थापन करण्याचे ठरले. पहिल्या तीन वर्षांसाठी त्यात १६ कोटी डॉलर ठेवण्यात आले आणि भारत व चीन सहभागी झाल्यास ही रक्कम २४ कोटी डॉलरपर्यंत वाढविण्याचे मान्य झाले. चीन १९९१ मध्ये आणि भारत जून १९९२ मध्ये मॉन्ट्रियल करारात सामील झाला.

या निधीचे महत्त्व केवळ रकमेत नाही. त्याच्या कार्यकारी समितीत विकसित आणि विकसनशील देशांना समान जागा आहेत. मदत मिळते ती जुन्या रसायनाकडून नव्याकडे वळताना येणाऱ्या वाढीव खर्चापुरती आणि ठरलेली कपात झाल्याचे पडताळून पाहिल्यावरच पुढचा हप्ता दिला जातो. करारात सामील न झालेल्या देशांशी या रसायनांचा व्यापार करण्यासही बंदी घालण्यात आली. बाहेर राहणे तोट्याचे आणि आत येणे फायद्याचे, अशी ही रचना होती. इतर अनेक पर्यावरण करारांना जे साधले नाही ते या कराराला साधले, त्याचे एक प्रमुख कारण हेच होय.

निळ्या आकाशाखालचा काळाबाजार

दुसरा पेच तस्करीचा. विकसित देशांत सीएफसीचे उत्पादन १९९६ पासून बंद झाले. विकसनशील देशांत मात्र ते २०१० पर्यंत कायदेशीर होते. एकाच वस्तूवर एका देशात बंदी आणि दुसऱ्या देशात मुभा असली की काळाबाजार फोफावणार, हे उघड होते. अमेरिकेत मोटारींतील जुन्या वातानुकूलन यंत्रांना सीएफसी-१२ लागत असे. त्यावर जबर कर बसल्याने किंमत चढली आणि १९९०च्या दशकाच्या मध्यास मायामी बंदरातून चोरटी आयात इतकी वाढली की अमली पदार्थांच्या खालोखाल या वायूच्या तस्करीचे नाव घेतले जाऊ लागले. नव्या मालावर ‘वापरून शुद्ध केलेला’ असे लेबल लावणे, ही नेहमीची युक्ती होती. कारण जुन्या वायूच्या पुनर्वापरास परवानगी होती आणि नवा वायू व शुद्ध केलेला वायू यांतील फरक ओळखणे अवघड होते.

या मालाचा एक मोठा स्रोत रशिया होता. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर आर्थिक संकटात सापडलेल्या रशियाला १९९६ची मुदत पाळता आली नाही. करारातील अंमलबजावणी समितीने त्यावर निर्बंधांचा बडगा न उगारता मार्ग काढला. जागतिक बँकेच्या पुढाकाराने काही देशांनी निधी उभारला आणि २००० च्या अखेरीस रशियातील सीएफसी कारखाने बंद झाले. नियमभंग करणाऱ्या देशाला आधी अडचण विचारायची, मदत द्यायची आणि मगच ताकीद द्यायची, ही पद्धत या प्रकरणानंतर रुळली.

प्रामाणिक देशालाही तस्करी कशी अडचणीत आणू शकते, याचे उदाहरण नेपाळमध्ये घडले. २००० नंतरच्या सुमारास तेथील सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी परवान्याविना आलेला ७० टनांहून अधिक सीएफसी जप्त केला. नेपाळची वार्षिक मर्यादा २७ टनांची होती. हा साठा बाजारात आणावा तर मर्यादेचा भंग होणार आणि नष्ट करावा तर देशात तशी सोय नाही, असा हा पेच होता. अखेर मर्यादेच्या आत राहून तो वर्षावर्षाने थोडा थोडा बाजारात आणण्याची योजना आखावी लागली.

१९९७ मध्ये आयात-निर्यातीसाठी परवाने सक्तीचे करण्यात आले. तरीही सीमेवरचा प्रश्न मिटला नाही. सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे येतात ते दिसायला एकसारखे सिलिंडर. आतील वायू ओळखण्याचे यंत्र प्रत्येक नाक्यावर नसते. २०११ मध्ये व्हिएतनाम आणि ब्राझील येथे जहाजावरील शीतकंटेनरचे स्फोट होऊन तीन कामगार मृत्युमुखी पडले, तेव्हा नेहमीच्या वायूच्या नावाखाली मिथिल क्लोराईडची भेसळ असलेला वायू भरला गेल्याचे उघड झाले. बनावट मालाचा धोका वातावरणापुरता मर्यादित नाही, हे त्यावरून लक्षात यावे.

भारताचा अनुभव

भारत हा सीएफसी वापरणाराच नव्हे, तर त्याचे उत्पादन आणि निर्यात करणारा देश होता. देशात चार मोठे उत्पादक होते आणि त्यांची वार्षिक उत्पादन पातळी साडेबावीस हजार टनांच्या आसपास ठरविण्यात आली होती. १९९९ मध्ये बहुपक्षीय निधीने हे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्यासाठी ८ कोटी २० लाख डॉलरची मदत मंजूर केली. जुलै २००० पासून ओझोननाशक रसायनांच्या नियमनाचे स्वतंत्र नियम लागू झाले. उत्पादक, आयातदार, विक्रेते आणि वापरकर्ते यांना नोंदणी व नोंदवही बंधनकारक झाली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयातील ओझोन कक्ष या कामाचा समन्वय करतो.

परिणामी १ ऑगस्ट २००८ पासून, म्हणजे मुदतीच्या १७ महिने आधी, भारताने सीएफसीचे उत्पादन थांबविले. अपवाद होता तो दम्याच्या रुग्णांना लागणाऱ्या इनहेलरचा. औषध फवारण्यासाठी त्यात सीएफसी वापरला जात असे आणि पर्यायी इनहेलर परवडणाऱ्या दरात उपलब्ध होईपर्यंत घाई करणे रुग्णांच्या जिवावर बेतले असते. पुढे औषध कंपन्यांनी दुसरे वायू वापरून इनहेलर तयार केले आणि हा वापरही संपला. अग्निशमनासाठी वापरले जाणारे हॅलॉन आणि कार्बन टेट्राक्लोराईड यांवरील बंदी १ जानेवारी २०१० पासून अमलात आली.

कारखाने मोजके असल्याने त्यांच्यावर लक्ष ठेवणे शक्य होते. खरी अडचण होती ती शहरोशहरीच्या गल्लीबोळांत चालणाऱ्या फ्रिज आणि एसी दुरुस्तीच्या दुकानांची. यंत्रातील गळती शोधायची, उरलेला वायू वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा, यंत्र निर्वात करायचे आणि मग वजन करून नवा वायू भरायचा, ही दुरुस्तीची योग्य पद्धत. वायू काढून घेण्याचे यंत्र महाग आणि नवा वायू त्यामानाने स्वस्त असेल, तर उरलेला वायू हवेत सोडून देणे हाच मेकॅनिकला सोपा मार्ग वाटतो. गिऱ्हाईकही ‘गॅस भरून द्या’ एवढेच सांगते. गळती बुजविण्याचे वेगळे पैसे देण्याची त्याची तयारी नसते. बहुतेक मेकॅनिक उस्तादाच्या हाताखाली काम शिकलेले. त्यांच्यापर्यंत राजपत्रातील अधिसूचना पोहोचत नाही.

यासाठी २००४ ते २०१० या काळात राष्ट्रीय पातळीवर प्रशिक्षणाचा कार्यक्रम राबविण्यात आला. त्यास स्वित्झर्लंड, जर्मनी आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचे सहकार्य लाभले. मेकॅनिकांना प्रशिक्षण आणि साधने देण्यात आली. बंदीच्या वटहुकमापेक्षा अशा प्रशिक्षणाला वेळ अधिक लागतो आणि त्याचे फळ आकड्यांत दाखविणे कठीण असते. परंतु शेवटच्या टप्प्यातील गळती त्याशिवाय थांबत नाही.

सीएफसी-११ चा धडा

२०१८ मधील धक्क्याकडे पुन्हा वळू. उत्सर्जन वाढल्याचे कळले, पण ते नेमके कोठून, हे शोधण्यास आणखी एक वर्ष लागले. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरील गोसान आणि जपानच्या हातेरुमा बेटावरील केंद्रांतील नोंदींच्या आधारे शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये निष्कर्ष काढला की वाढीव उत्सर्जनाचा मोठा भाग पूर्व चीनमधून, मुख्यतः शांडोंग आणि हेबेई प्रांतांतून येत आहे. त्याआधीच, २०१८ मध्ये, पर्यावरण तपास संस्थांनी तेथील अनेक लहान कारखान्यांत इमारतींच्या उष्णतारोधक फोमसाठी सीएफसी-११ सर्रास वापरला जात असल्याचे उघड केले होते. पर्यायी रसायने महाग, तपासणी ढिली आणि बांधकामाची मागणी प्रचंड, हे त्यामागील कारण होते.

चीनने त्यानंतर तपासण्या वाढविल्या आणि बेकायदा उत्पादनावर कारवाई केली. २०१९ पर्यंत उत्सर्जन पुन्हा खाली आल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत आढळले. यंत्रणेने चूक पकडली आणि ती दुरुस्तही झाली, असे समाधान मानता येईल. परंतु त्यात योगायोगाचाही भाग होता. वाऱ्याच्या वाटेवर मोजणी केंद्रे होती म्हणून ही चोरी सापडली. भारतासह आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या विस्तीर्ण प्रदेशांत अशी अखंड मोजणी करणारी केंद्रे फारच थोडी आहेत. कराराची देखरेख मुख्यतः सदस्य देशांनी स्वतः पाठविलेल्या आकडेवारीवर चालते. तिची पडताळणी करणारा स्वतंत्र डोळा जेथे नाही, तेथे शून्य म्हणजे खरोखर शून्य आहे काय, हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

कायद्यातील मोकळ्या जागा

काही प्रश्न नियम मोडल्यामुळे नव्हे, तर नियमांतच जागा राहिल्यामुळे उद्भवतात. दुसरे रसायन तयार करण्यासाठी कच्चा माल म्हणून वापरल्या जाणाऱ्या ओझोननाशक रसायनांवर मर्यादा नाही. ती प्रक्रियेत पूर्णपणे संपतात, असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात कारखान्यांतून काही अंश निसटतोच. शेतजमिनीच्या धुरीकरणासाठी वापरले जाणारे मिथिल ब्रोमाईड बंद झाले, पण निर्यातीचे धान्य आणि लाकडी खोकी कीडमुक्त करण्यासाठी ते आजही चालते.

त्याहून मोठा प्रश्न जुन्या साठ्याचा आहे. जुने फ्रिज, थंडगार गोदामे आणि इमारतींतील फोम यांत कित्येक वर्षांपूर्वी भरलेला सीएफसी अद्याप आहे. करार उत्पादन आणि वापर रोखतो. यंत्रांत साठलेला वायू गोळा करून नष्ट करण्याची सक्ती तो करीत नाही. भंगारात गेलेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढताना नळी कापली की आतील वायू हवेत जातो. भंगारवाल्याला तांबे आणि लोखंड यांचे पैसे मिळतात, वायूचे काहीच मिळत नाहीत.

पर्यायाचाही पर्याय

सीएफसीच्या जागी आधी एचसीएफसी आणि मग एचएफसी ही रसायने आली. एचसीएफसी ओझोनला कमी प्रमाणात का होईना, पण घातक आहेत. त्यामुळे विकसनशील देशांनी २०३० पर्यंत त्यांचा वापर दुरुस्तीपुरता अल्प अपवाद वगळता थांबवावयाचा आहे. भारताने फोम उद्योगात वापरले जाणारे एचसीएफसी-१४१बी १ जानेवारी २०२० पासून बंद केले. एचएफसी ओझोनला धक्का लावत नाहीत, मात्र पृथ्वीचे तापमान वाढविण्यात ती कार्बन डायऑक्साईडपेक्षा शेकडो ते हजारो पटींनी प्रभावी आहेत. म्हणून ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातील किगाली येथे त्यांच्याही कपातीचा निर्णय झाला.

भारताने सप्टेंबर २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीस मान्यता दिली. त्यानुसार २०२८ मध्ये वापर गोठवायचा आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करीत २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करायची आहे. नेमक्या याच काळात देशात वातानुकूलन यंत्रांची संख्या झपाट्याने वाढणार आहे. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय शीतकरण आराखड्यानुसार २०१७-१८ ते २०३७-३८ या वीस वर्षांत शीतकरणाची मागणी सुमारे आठ पटींनी वाढण्याचा अंदाज आहे. उन्हाळ्यातील वाढत्या तापमानात ही मागणी चैनीची म्हणून झटकून टाकता येणार नाही.

पर्याय उपलब्ध आहेत. मुंबईच्या गोदरेज कंपनीने २०१२ च्या सुमारास प्रोपेनवर चालणारे घरगुती एसी बाजारात आणले. प्रोपेनचा तापमानवाढीवरील परिणाम नगण्य असतो. परंतु तो ज्वलनशील असल्याने बसविणारा आणि दुरुस्त करणारा मेकॅनिक प्रशिक्षित असावाच लागतो. म्हणजे प्रश्न पुन्हा त्याच दुकानापाशी येऊन थांबतो. तस्करीचेही तसेच. युरोपीय संघाने २०१५ पासून एचएफसीच्या कपातीस प्रारंभ केला, २०१७-१८ मध्ये भाव भडकले आणि पूर्व युरोपच्या सीमांवरून चोरटे सिलिंडर येऊ लागले. मायामीत दोन दशकांपूर्वी जे घडले त्याचीच ही पुनरावृत्ती होती.

यशाचा अर्थ

शास्त्रज्ञांच्या ताज्या आंतरराष्ट्रीय मूल्यमापनानुसार सध्याची धोरणे कायम राहिल्यास जगाच्या बहुतेक भागांत ओझोनचा थर २०४० च्या सुमारास, तर अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. सीएफसी-१२ चा रेणू वातावरणात सुमारे शंभर वर्षे टिकतो; त्यामुळे गेल्या पिढीने सोडलेल्या वायूचा हिशेब पुढच्या पिढीला चुकता करावा लागणार आहे.

हा करार टिकला तो सर्व देश प्रामाणिक होते म्हणून नव्हे. काही देश मागे पडतील, काही व्यापारी फसवतील, हे गृहीत धरून त्यात पैसा, परवाने, व्यापारबंदी आणि दर काही वर्षांनी नियम कडक करण्याची सोय ठेवली गेली, म्हणून तो टिकला. ज्या ठिकाणी ही सोय अपुरी राहिली, तेथेच गळती झाली. किगालीतील आश्वासन पाळावयाचे तर सीमेवर वायू ओळखणारी यंत्रे, हवेची स्वतंत्र मोजणी, भंगारातील वायू परत घेण्याची व्यवस्था आणि मेकॅनिकच्या हाती प्रमाणपत्र व साधने या चार गोष्टींवर खर्च करावा लागेल. घरातील एसी दुरुस्त करून घेताना गळती शोधण्याचा आग्रह धरणे आणि उरलेला वायू हवेत सोडू न देणे, एवढा वाटा ग्राहकालाही उचलता येण्यासारखा आहे.